भावाच्या उशीवरचे पिवळे डाग

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी जळगाव जिल्ह्यातली, कृपया नाव छापू नका. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे. लहानपणापासून अंगानं भरलेला, कॉलेजात मुलं त्याला ‘गोलू’ म्हणायची. दिवाळीनंतर एका स्थळाकडून नकार आला. कारण तोंडावर कुणी सांगितलं नाही, पण मध्यस्थाकडून कळलंच. त्यानं जिम लावली. डिसेंबरपर्यंत काही फरक नव्हता, मग दीड महिन्यात वजन ९४ वरून ८४ किलोवर आलं. घरात सगळे खूश. पण मॅडम, भर जानेवारीत हा पोरगा उघड्या अंगानं शहाबादी फरशीवर झोपायचा, पंखा फुल्ल. रात्रीतून चारदा उठून माठातलं पाणी प्यायचा. घाम एवढा, की उशीचे अभ्रे पिवळे व्हायला लागले. आईला वाटलं कावीळ. तिनं शेजारच्या गावी नेऊन ती उतरवून आणली, वर आठ दिवस उसाचा रस पाजला. मी रक्त तपासून घेतलं. बिलिरुबिन नॉर्मल, थायरॉइडही नॉर्मल. शेवटी कपाटात कपड्यांच्या घडीखाली कॅप्सूलची डबी सापडली. आत पिवळी पूड, डबीवर लेबल नाही. विचारल्यावर म्हणाला, “डीएनपी आहे. स्टेरॉइड नाही, हॉर्मोन नाही, याने नाडीबिडी धावत नाही. फक्त मायटोकॉन्ड्रियावर काम करतं आणि चरबी जाळतं.” हे शरीरात नक्की काय करतं? आई-बाबांना सांगू का? त्यानं माझ्याकडून शपथ घेतली आहे. आणखी एक, आई मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते. गूगलवर वाचलं की तीही मायटोकॉन्ड्रियावरच काम करते. मग तीही बंद करायची का?
ता. क. अभ्रे सोडा घालून उकळले, डाग जात नाहीत.

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला चार ओळी पाठवल्या होत्या: कॅप्सूल आजपासून बंद, डबी फेकू नका, उद्या सकाळी फिजिशियनकडे. सदर छापून यायची वाट बघण्यासारखं ते प्रकरण नव्हतं. तुमचा निरोप अजून आलेला नाही, म्हणून तेच इथं पुन्हा लिहिते आहे. हळूहळू कमी करत सोडायची गोळी नाही ही, एकदम सोडायची. बाकीचं आता सावकाश. तुमच्यासाठी, आणि त्या जिममधल्या ज्या पोरांच्या कपाटात अशीच डबी असेल त्यांच्यासाठीही.

मी बरीच वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या पेपरात हमखास येणारी टीप असायची, ‘अनकपलर म्हणजे काय, उदाहरण द्या.’ मुलं ‘टू-फोर डायनायट्रोफिनॉल’ असं घोटून आलेलं उत्तर लिहायची, मी बरोबरची खूण करून पान उलटायचे. तुमच्या भावाच्या डबीतलं डीएनपी ते हेच. माझ्या लेखी ते पुस्तकात राहणारं रसायन होतं. ते कुणाच्या तरी शर्टांच्या घडीखाली सापडेल असं कधी डोक्यातही आलं नव्हतं.

भावाचं एक म्हणणं खरं आहे आणि ते तुम्ही त्याच्यापाशी मोकळेपणानं मान्य करा. हे रसायन काम करतं. “असल्या गोळ्यांनी काही होत नसतं” असं म्हणालात तर तो वजनकाट्यावर उभा राहून दाखवेल, आणि त्यानंतर तुमचं एक अक्षर ऐकणार नाही. चरबी जळते आहे. कशी जळते, गोम तिथं आहे.

शाळेत आपण ‘तंतुकणिका, पेशीचं ऊर्जाकेंद्र’ असं पाठ केलं होतं, तेच हे मायटोकॉन्ड्रिया. तुम्ही भाकरी खा, वरण खा, शेंगदाण्याची चटणी खा, शेवटी त्यातली ऊर्जा एटीपी नावाच्या सुट्ट्या पैशांत मोडून घ्यावी लागते. पेशी मोठी नोट घेतच नाही. आणि हे सुटे साठवता येत नाहीत. कुठल्याही क्षणी मोजलं तर अख्ख्या अंगातलं एटीपी पाव किलोच्या आत भरेल, पण दिवसभरात माणूस जवळजवळ आपल्या वजनाइतकं एटीपी बनवतो आणि खर्चतो. तेच ते रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतात आणि पुन्हा जोडले जातात. टांकसाळ थोडा वेळ जरी अडली, तरी हृदय आणि मेंदू यांना उधारीवर चालता येत नाही.

ही टांकसाळ चालते कशी ते सांगायला तुमच्या जवळचं दीपनगरचं वीजकेंद्र घेता आलं असतं, पण घाटघर जास्त चपखल बसतं. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. विजेची मागणी कमी असते तेव्हा कड्याखालच्या तलावातलं पाणी पंपानं वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून टर्बाइन फिरवायचं. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर जवळपास असंच चालतं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन पंप चालवतात, पंप प्रोटॉनना पडद्यापलीकडे ढकलतात. तिकडे प्रोटॉन तुंबतात. त्यांना परत यायला मुख्य वाट एकच, आणि ती एका चक्रातून जाते. चक्र हा शब्द मी उपमा म्हणून वापरत नाही, ते प्रथिन खरोखर गरगर फिरतं, सेकंदाला शंभराहून जास्त फेरे, आणि फिरता फिरता एटीपी घडवतं. आपण श्वासातून घेतो तो ऑक्सिजन मुख्यतः या पंपांच्या शेवटाला खर्च होतो. श्वास कशासाठी घ्यायचा, याचं हे इतकं साधं उत्तर आहे.

आता घाटघरच्या वरच्या तलावाला पाझर फुटला असं समजा. पाणी टर्बाइनला वळसा घालून खाली चाललंय. तलाव भरलेला ठेवायचा म्हणून पंप रात्रंदिवस धावताहेत, वीज खाताहेत, आणि केंद्रातून बाहेर पडणारी वीज मात्र घटत चालली आहे. डीएनपी हा तो पाझर. पंप आणि चक्र यांची जोडणी तोडतो, म्हणून त्याला अनकपलर म्हणायचं. त्याचा रेणू स्निग्ध पदार्थात सहज विरघळतो, त्यामुळे पडदा त्याला अडवत नाही. बाहेरच्या बाजूला एक प्रोटॉन उचलायचा, आत नेऊन टाकायचा, रिकाम्या हातानं परत यायचं आणि पुन्हा उचलायचा. हमालीच म्हणा ना. प्रोटॉन चक्रातून न जाता या हमालांच्या पाठीवरून आत येतात. शरीर पंप आणखी पळवतं, त्यासाठी आणखी साखर, आणखी चरबी जाळतं, आणखी ऑक्सिजन ओढतं. काट्यावर किलो उतरतात. पण त्या जळालेल्या चरबीचं एटीपी झालेलं नसतं. सगळी ऊर्जा उष्णता होऊन अंगात पसरलेली असते.

थोडं विषयांतर करते, कारण ही गोष्ट मला फार आवडते. अनकपलर म्हणून डीएनपी विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रयोगशाळांत माहीत होतं, पण ते नेमकं काय करतं हे कुणाला सांगता येत नव्हतं. पीटर मिशेल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९६१ साली हा तुंबलेल्या प्रोटॉनचा विचार मांडला, तेव्हा बरीच वर्षं बड्याबड्यांनी तो मानला नाही. त्याच्या हिशेबात डीएनपी नेमकं बसत होतं: प्रोटॉनना आडवाटेनं आत आणलंत की एटीपी बनणार नाही. १९७८ साली त्याला नोबेल मिळालं. पेशीतलं वीजकेंद्र कसं चालतं हे समजून घ्यायला या पिवळ्या पुडीनं माणसाला मोठा हात दिला आहे. बाटलीत असते तोवर मला तिच्याबद्दल आदरच आहे.

तुमचा भाऊ उद्या इंटरनेटवरून शोधून काढेल की निसर्गातही अशी गळती असते. असते. तान्ह्या बाळाला मोठ्यांसारखं कुडकुडून ऊब आणता येत नाही, म्हणून त्याच्या खांद्यांच्या मध्ये, मानेपाशी तपकिरी चरबी असते. तिच्या मायटोकॉन्ड्रियांत यूसीपी-१ नावाचं प्रथिन असतं, तेही प्रोटॉनना चक्राला वळसा घालू देतं आणि त्यातून ऊब तयार होते. पण ती तोटी आहे. थंडी वाजली की मज्जासंस्था ती उघडते, ऊब आली की बंद करते, आणि ती फक्त त्या एका प्रकारच्या चरबीतच बसवलेली आहे. डीएनपीला ना तोटी, ना घराचा पत्ता. यकृत, स्नायू, मूत्रपिंड, हृदय, जिथं पोचेल तिथं पाझर.

तुम्ही थायरॉइड तपासलात हे अगदी योग्य केलंत. तहान वाढली, घाम वाढला, वजन उतरलं म्हटल्यावर कुणीही तेच करेल. १९६२ मध्ये स्वीडनमध्ये रॉल्फ लुफ्त आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशाच एका बाईबद्दल लिहिलं. भरपूर खायची, तरी रोड. सतत घामाघूम. शरीराचा इंधन जाळण्याचा वेग अफाट, आणि थायरॉइड अगदी ठीक. तिच्या स्नायूंतले मायटोकॉन्ड्रिया पाहिले तेव्हा कळलं की पंप आणि चक्र यांची जोडणीच सैल आहे. वैद्यकाला मायटोकॉन्ड्रियाचा आजार म्हणून कळलेला हा पहिला रुग्ण. जगात असे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले. त्या बाईच्या नशिबी जे उपजत आलं ते तुमचा भाऊ पैसे मोजून विकत घेतोय, हे त्याला जरूर सांगा.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ फरशीची आहे. ताप आलेला माणूस गोधडी मागतो. मेंदूतलं तापमानाचं बटण वर सरकलेलं असतं, त्यामुळे अंग तापलेलं असूनही त्याला थंडी वाजते. पॅरासिटामॉल ते बटण खाली आणतं, म्हणून ताप उतरतो. तुमचा भाऊ गोधडी लाथाडून फरशी शोधतो आहे. त्याच्या मेंदूचं बटण जागच्या जागी आहे. मेंदूला कळतंय की अंग नको इतकं तापलंय, आणि तो घाम, पाणी, पंखा, फरशी, जे हाताशी असेल त्यानं ते निववायला बघतोय. अशा वेळी क्रोसिन देऊन काही उपयोग नाही, कारण ती ज्या बटणावर काम करते ते बिघडलेलंच नाही. आणि अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नको. ते जास्त प्रमाणात गेलं तर स्वतःच मायटोकॉन्ड्रियाला असा पाझर पाडतं.

आता उन्हाळ्याचं बघू. निवांत बसलेला माणूस जुन्या १०० वॅटच्या बल्बाएवढी उष्णता बाहेर टाकत असतो. जानेवारीच्या रात्री फरशी गार होती, हवा गार होती, वाढीव उष्णता कुठंतरी निघून गेली. जळगाव-भुसावळची एप्रिल-मेची दुपार मी तुम्हाला सांगायला नको. बाहेरची हवा अंगाहून गरम झाली की अंगातली उष्णता हवेत जात नाही, उलट हवेतली अंगात येते, आणि सगळा भार एकट्या घामावर पडतो. त्यात पत्र्याच्या छताची जिम. जी कॅप्सूल हिवाळ्यात निभावून गेली, तीच तेव्हा निभावून जाईल असं समजू नका. उष्णता वाढली की पेशींचं काम आणखी वेगानं चालतं आणि त्यातून आणखी उष्णता तयार होते. एका मर्यादेपुढे हे दुष्टचक्र त्या मुलाच्या हातात राहत नाही, डॉक्टरांच्याही हातात राहीलच असं नाही.

स्नायूंचं तर खास सांगा, कारण त्याची सगळी धडपड त्यांच्यासाठीच आहे. आपल्याला वाटतं ताकद फक्त स्नायू आवळायला लागते. सैल सोडायलाही एटीपीच लागतं. एटीपी कमी पडलं की स्नायू दुखतात, जड होतात, विषबाधा गंभीर असेल तर ताठरतात. पेशी मग ऑक्सिजनशिवायच्या जुन्या मार्गानं काम भागवायला बघते. पण तिकडं एका ग्लुकोजमागे नगद २ एटीपी हाती लागतात, मायटोकॉन्ड्रियातून तेच ३० च्या आसपास मिळाले असते. शिवाय लॅक्टिक आम्ल साचतं आणि श्वास फुलतो. त्याला विचारा, गेल्या महिन्यात बेंचवर जेवढं वजन उचलत होतास तेवढं आज उचलतोस का? जिना चढताना दम लागतो का? मला वाटतं याचं उत्तर तो तुम्हाला देणार नाही, पण स्वतःला देईल.

“नाडीबिडी धावत नाही” हा त्याचा मुद्दा नवा नाही. ते बोलणं नव्वद वर्षांचं जुनं आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हे रसायन स्फोटकांत वापरत. तिथले कामगार रोडावले, घामाघूम व्हायला लागले, काहींना प्रचंड ताप चढून ते दगावले. ही माहिती पुढं भलत्याच कामाला आली. १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मॉरिस टेंटर आणि विंडसर कटिंग यांनी वजन उतरवायला डीएनपी वापरून पाहिलं. त्याआधी लठ्ठपणावर थायरॉइडचा अर्क देत आणि त्यानं छाती धडधडायची. यानं तसं फारसं होत नव्हतं, म्हणून डॉक्टर हरखले. वर्षभरातच अमेरिकेत लाखभर लोकांनी ते घेतलं असावं, असा खुद्द टेंटर यांचा अंदाज होता. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळायचं. तेव्हाच्या कायद्याच्या लेखी लठ्ठपणा हा आजारच नव्हता, त्यामुळे त्यावरचं औषधही औषध ठरत नव्हतं आणि सरकारला हात घालता येत नव्हता. लोक अंगातल्या उष्णतेनं मेले. १९३५ पासून आणखी एक प्रकार दिसू लागला. तरुण बायकांच्या दोन्ही डोळ्यांत झपाट्यानं मोतीबिंदू, काहींना तर औषध सोडल्यावर काही महिन्यांनी. १९३८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला आणि माणसाच्या पोटात जाण्यासाठी डीएनपी विकणं संपलं.

संपलं असं वाटलं. शरीरसौष्ठवाच्या दुनियेतून ते परत आलं आणि इंटरनेटवरून गावोगाव पोचलं. २०१५ मध्ये इंटरपोलनं सगळ्या सदस्य देशांना त्याबद्दल इशारा दिला. ब्रिटनमध्ये तरुण मुलंमुली मेल्यानंतर ऑक्टोबर २०२३ पासून ते विषांच्या कायद्याखाली आणलं गेलं, परवान्याशिवाय जवळ बाळगणं हाही तिथं गुन्हा आहे. भाऊ कधी स्पर्धेत उतरायचं म्हणत असेल, तर खेळांतल्या उत्तेजक द्रव्यांवर नजर ठेवणाऱ्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेच्या बंदी यादीतही याचं नाव आहे हे त्याच्या कानावर घाला.

“मी कमीच घेतो” हे तो म्हणणारच. त्याला विचारा, कमी म्हणजे किती, आणि मोजलं कुणी? लेबल नसलेल्या डबीतली पूड कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून चमच्यानं भरलेली आहे. शिवाय हे रसायन अंगातून सावकाश जातं. कालचं पुरतं गेलेलं नसताना आजचं वर येऊन पडतं. घेतल्याबरोबर फरक जाणवत नाही म्हणून मुलं आणखी एक घेतात. माणूस मरायला लागणारं प्रमाण आणि वजन उतरायला लागणारं प्रमाण यांत अंतर इतकं थोडं आहे, की नेहमीचाच डोस घेऊन माणसं गेली आहेत.

आता डॉक्टरांकडे काय करायचं ते. “भाऊ थकलाय, वजन उतरलंय” एवढंच सांगू नका, नाव सांगा: टू-फोर डायनायट्रोफिनॉल, डीएनपी. आपल्याकडे घाम, तहान आणि तापलेलं अंग म्हटलं की डॉक्टरांच्या मनात आधी उष्माघात, डेंग्यू, थायरॉइड येणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. डबी समोर ठेवा. रक्तातलं पोटॅशियम, मूत्रपिंड, यकृत, पांढऱ्या पेशी, स्नायू मोडताहेत का ते सांगणारी सीपीके आणि ईसीजी एवढं ते बघतील. नेत्रतज्ज्ञांकडे आत्ता एकदा आणि नंतर काही महिन्यांनी पुन्हा. शेवटच्या कॅप्सूलनंतरचा आठवडाभर जिम नाही, उन्हात काम नाही, रात्री एकट्यानं झोपणं नाही. घरात थर्मामीटर ठेवा. अंग १०१ च्या वर गेलं, श्वास जोरात व्हायला लागला, तो बेचैन झाला किंवा असंबद्ध बोलायला लागला, तर गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून बघू म्हणत बसू नका. १०८ लावा आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा. जाताना अंगावर ओले पंचे, बगलेत आणि मांडीच्या सांध्यात बर्फ, गाडीच्या काचा खाली. याला उतारा नाही. डॉक्टर करतात तेही मुख्यतः हेच, अंग गार ठेवणं, शिरेतून पाणी देणं, आकडी आणि ताठरपणा आवरणं, आणि शरीर ते विष बाहेर टाकेपर्यंत माणसाला तगवणं. तिथल्या डॉक्टरांना अडलं तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, ते चोवीस तास सल्ला देतं.

शपथेचं म्हणाल, तर ती मोडा. अशा शपथा पाळायच्या नसतात. पण क्रम पाळा. आधी त्याच्याशी बोला, एकट्याशी, आणि त्याला एक दिवस द्या: “तू स्वतः सांग, मी शेजारी बसते. उद्या रात्रीपर्यंत तू सांगितलं नाहीस तर मी सांगणार.” वडील जिम बंद करा म्हणतील ही तुमची भीती मला पत्राच्या सुरातून जाणवली. त्यांना सांगा की जिमनं काही बिघडवलं नाही, उलट तीच चालू ठेवायची आहे, फक्त बरं वाटल्यावर. आणि आईला तर कळलंच पाहिजे. तिनं त्याला कावीळ उतरवायला नेलं, रस पाजला, ती आपल्या परीनं त्याच डागाच्या मागे लागली होती. (तसं बघायला गेलं तर मायटोकॉन्ड्रिया पोराला आईकडूनच येतात, बापाचे पुढं जात नाहीत. तेव्हा चौकशी करायचा पहिला हक्क तिचाच.)

त्याच्याशी बोलताना ‘गोलू’ हे नाव घरात कुणाच्याही तोंडी येऊ देऊ नका, लाडानंही नाही. चोवीस वर्षांच्या मुलाला लग्नाच्या बाजारात अंगावरून नाकारलं गेलं आणि त्यावर घरात कुणी एक शब्द बोललं नाही, मग त्यानं कपाटात उत्तर शोधलं. दहा किलो उतरल्यावर सगळे खूश झाले असं तुम्हीच लिहिलंय. त्या खुशीतूनच त्याला पुढची कॅप्सूल घ्यायचं बळ मिळालं असणार. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, पण त्याचा विचार करा. औषध सोडल्यावर दोन-चार किलो परत येतील, तेव्हा काट्याकडे बघून कुणी काही बोलू नये. महिन्याला दोन किलोच्या बेतानं उतरलेलं वजन कंटाळवाणं असतं खरं, पण ते उतरवताना माणूस रात्री पांघरूण घेऊन झोपतो.

आईची मेटफॉर्मिन बंद करू नका. हे मी ठळक अक्षरांत छापा असं संपादकांना सांगणार होते, कारण तुमच्यासारखं वाचून गोळी सोडणारे मला दर महिन्याला भेटतात. मेटफॉर्मिनचा मायटोकॉन्ड्रियाशी संबंध आहे हे तुम्ही बरोबर वाचलंत. घाटघरच्याच भाषेत सांगायचं तर ती भिंतीला हात लावत नाही, पहिल्या पंपाचा वेग जरासा कमी करते, आणि तेही मुख्यतः यकृतात. यकृताला वाटतं आपल्याकडे ऊर्जा बेताची आहे, मग ते नवी साखर बनवून रक्तात सोडायचं काम आवरतं घेतं. १९५७ पासून माणसं ही गोळी घेताहेत. फक्त मूत्रपिंडं फार मंदावलेली असतील तर ती अंगात साचते आणि लॅक्टिक आम्ल वाढू शकतं, म्हणून आईचं क्रिअ‍ॅटिनिन डॉक्टर सांगतील तेव्हा तपासत राहा. एखादा पंप पार बंद पाडला तर काय होतं हे बघायचं असेल तर सायनाइड आठवा. ते शेवटच्या पंपावर बसतं आणि ऑक्सिजन समोर असून पेशीला वापरता येत नाही. पंप जरा मंद करणं, पंप बंद पाडणं आणि भिंतीला भोक पाडणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गूगलवर तिन्हींना ‘मायटोकॉन्ड्रियावर परिणाम’ असं एकच नाव मिळतं.

आणि अभ्रे. सोडा, लिंबू, ब्लीच, काही घालू नका, तो डाग जायचा नाही. हे रसायन रंगांच्या कारखान्यातही वापरलं जातं, कापडाला धरून बसणं हा त्याचा धर्मच आहे. उकळताना हातमोजे घातले नसतील तर पुढच्या वेळी मुळीच हात घालू नका, ते कातडीतूनही आत जातं. सगळे अभ्रे आणि त्याचे काखेत पिवळे झालेले बनियन पिशवीत बांधून टाकून द्या. एक अभ्रा मात्र ठेवा आणि डबीबरोबर डॉक्टरांकडे घेऊन जा. भावानं तिथं बसून “मी काही घेत नाही” म्हटलं, तर तो टेबलावर ठेवता येईल.